खांबामागची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादी मंत्र्याची नाहीतर साहेबाची खुर्ची आली असेल, तर ती आधी बाजूला सारा. माझ्यासाठी कधी कुणी भांडलं नाही. उलट माझं तिकीट हातात पडलं की माणसं कपाळाला हात लावायची. मी फुटबॉलच्या मैदानातली खुर्ची, आणि तिथेही खांबामागची.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. लाकडाच्या तीन पट्ट्या, बिडाचे दोन पाय आणि बसायच्या फळीला बिजागरी. माणूस बसलं की मी उघडते आणि उठलं की आपोआप मिटते. आम्ही सगळ्या बहिणी एकाच मापाच्या, एकाच हिरव्या रंगाच्या. गाडीतून मैदानावर आलो तेव्हा कुणाच्या वाट्याला काय येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. कामगारांनी रांगेनं बोल्ट आवळत आणले आणि माझी पाळी आली तेव्हा समोर छपराचा लोखंडी खांब उभा होता. नशिबाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कुणाला तरी तिथे बसवायचंच होतं.

त्या खांबामुळे मला मैदान अर्धंच दिसायचं. डावीकडचा गोल स्वच्छ दिसे. उजवीकडचा मी एकदाही पाहिलेला नाही. तिकडे काय झालं हे मला आवाजावरून कळायचं. गोल झाला की सगळा स्टँड एकदम उठे आणि आम्ही शेकडो खुर्च्या खाडकन मिटत असू. माणसांना वाटतं टाळ्या वाजवणं फक्त त्यांनाच जमतं.

माझ्यावर बसणारी माणसं दोन प्रकारची. एक, जी सामनाभर खांबाला शिव्या घालायची. दुसरी, जी मान वाकडी करकरून शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायचीच काय ती बाकी असायची. या दुसऱ्या प्रकारातला एक तरुण मला आठवतो, कारण माझं पुढचं सगळं आयुष्य त्याच्यामुळे घडलं. तो एका शिंप्याच्या हाताखाली कापड बेतायला शिकत होता. दर सामन्याला यायचा आणि दर वेळी माझंच तिकीट काढायचा. खिशाला तेवढंच झेपत होतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसायची. तिचे वडील मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे, त्यामुळे तिला लहानपणापासून आत मुक्त प्रवेश होता. खेळ तिला आमच्या पंचांपेक्षा जास्त कळायचा. या तरुणाचं डोकं सारखं तिच्या खांद्यापाशी येई. तिनं दोन सामने सोसलं. तिसऱ्या सामन्याला ती म्हणाली, "अहो, मान मोडेल तुमची. सरळ बसा. तिकडचं मी सांगते."

आणि ती सांगू लागली. तिचं सांगणं अगदी मोजकं असायचं. कडेनं आला. एकाला चुकवलं. मारला. बाहेर. गोल झाल्याशिवाय तिनं कधी गोल म्हटलं नाही. एकदा त्यानं विचारलं, की जरा रंगवून सांगायला काय हरकत आहे? ती म्हणाली, जे झालं तेच सांगायचं, जे व्हायला हवं होतं ते सांगायला बाकीचे आहेत की. तो डावीकडचं स्वतः बघायचा, उजवीकडचं तिच्याकडून ऐकायचा, आणि दोन्ही मिळून त्याचा एक सामना पुरा व्हायचा. पुढे त्याला चांगल्या जागेचं तिकीट परवडू लागलं, तरी तो माझ्यावरच येऊन बसायचा. मी काही दूधखुळी नव्हते. घोडं कुठं पेंड खातंय ते मला केव्हाच कळलं होतं. त्यांचं लग्न झालं आणि तरीही जागा बदलल्या नाहीत.

मग एक दिवस मैदान विकलं गेलं. तिथे दुकानांची मोठी इमारत होणार होती. पाडायच्या आधी लोकांना सांगितलं, आठवण म्हणून ज्याला जी खुर्ची हवी ती न्या. मधल्या रांगेच्या खुर्च्यांवर लोक तुटून पडले. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा तो पाना घेऊन आला. आता सगळे त्याला टेलर मास्तर म्हणत. बरोबर त्याची बायको होती. तिला मी तेव्हापासून इतरांसारखीच वहिनी म्हणते.

तिथला देखरेख करणारा माणूस म्हणाला, "मास्तर, ही कशाला नेताय? हिच्यावरून काही दिसत नव्हतं."

"मला सगळं दिसलंय," मास्तर म्हणाले आणि बोल्ट फिरवू लागले.

मी सुखरूप निघाले. माझ्या शेजारणीचे, म्हणजे वहिनींच्या खुर्चीचे, बोल्ट मात्र गंजून एकजीव झाले होते. जोर लावल्यावर तिचा पायच मोडला. इतकी वर्षं आम्ही खेटून उभ्या होतो. तिला तशीच टाकून यावं लागलं, आणि त्याचं दुःख मला आजही आहे. वहिनींनी तिची एक पट्टी तेवढी पदराआड घालून आणली. दुकानात तिचं स्टूल झालं. वर ती पट्टी, खाली नवे पाय. माझ्याशेजारी ते स्टूल ठेवलं आणि त्यावर बसून वहिनी काज-बटणं करू लागल्या.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन शिलाई मशिनं, बेतायचं टेबल, इस्त्रीचा बाक, त्याच्या वर भिंतीवर एक टीव्ही आणि मागे घरात जाणारा जिना. दर शनिवारी सामना लागला की मंडळी जमायची. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले, गल्लीतले वायरमन आणि मालवाहू जहाजांवर आचारी म्हणून जन्म काढलेले बोटवाले. सामना संपला की खरा सामना सुरू व्हायचा. जगातलं सगळ्यात भारी स्टेडियम कोणतं?

गंमत अशी, की यातल्या एकानंही आपलं लाडकं स्टेडियम आतून पाहिलेलं नव्हतं. पण आपला तो बाब्या! वायरमन डॉर्टमुंडच्या पिवळ्या भिंतीची बाजू घ्यायचे. बोटवाल्यांचा जीव बोंबोनेरा स्टेडियमवर. चष्मेवाले जुन्या वेम्बलीच्या दोन मनोऱ्यांबद्दल असे बोलायचे, की जणू ते त्यांच्याच आजोबांनी बांधले होते. एका शनिवारी वायरमन आणि बोटवाल्यांचं इतकं जुंपलं, की वायरमन चहा अर्धा टाकून गेले आणि पक्कड दुकानातच विसरले. पक्कड घ्यायलाही दोन आठवडे आले नाहीत.

ते परत आले तेव्हा वहिनींनी एक नियम घातला. आपल्या स्टेडियमचं कौतुक ज्याला करायचं असेल त्यानं या खुर्चीवर बसायचं. त्याचं बोलणं संपेपर्यंत बाकीच्यांनी गप्प राहायचं. आणि उठण्याआधी त्यानं आपल्या स्टेडियमचा एक खांब सांगायचा. खांब म्हणजे उणं. ज्याला खांब सांगता येत नाही, त्याला ते स्टेडियम माहीतच नाही असं धरायचं. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

त्या नियमानं दुकानात शांतता आली आणि मला मान आला. वायरमन माझ्यावर बसून सांगायचे, की हजारो माणसं एकाच स्टँडमध्ये पिवळे शर्ट घालून सामनाभर उभी असतात, आणि खांब म्हणून म्हणायचे, तिथे बसायला खुर्च्याच नाहीत. हे ऐकून मला पहिल्यांदा राग आला होता, पण माणूस खरं बोलला. बोटवाले सांगायचे, की बोट बंदराला लागली होती आणि ते चालत बोंबोनेरापर्यंत गेले, तिकीट मिळालं नाही म्हणून भिंतीला पाठ लावून आतला आवाज ऐकत उभे राहिले. त्यांचा खांब ती भिंतच. चष्मेवाले खाली मान घालून म्हणायचे, ते पाडलं.

मास्तरांचं स्टेडियम मिलानचं सान सिरो. त्याचं एक जुनं छायाचित्र बेतायच्या टेबलावर चिकटवलेलं होतं. कारण विचारलं की ते बोट ठेवून दाखवायचे. एवढ्या मोठ्या इमारतीला पेलणारे जाडजूड गोल मनोरे सगळे बाहेरच्या अंगाला उभे आहेत. त्यांच्याभोवती रस्ता असा फिरत वर जातो, की लांबून दोऱ्याची रिळं उभी केल्यासारखी दिसतात. "खांब बाहेर ठेवलेत हो त्यांनी," मास्तर म्हणायचे. "आतल्या माणसाच्या आड काही येत नाही." खांब सांगायची वेळ आली की मात्र घाईघाईत म्हणायचे, गवताला ऊन कमी लागतं, आणि उठायचे.

वहिनींना कुणी विचारलं, तुमचं कोणतं, तर त्या म्हणायच्या, जे पाहिलं नाही त्याबद्दल मी बोलत नाही. त्या माझ्यावर कधी बसल्याही नाहीत. माझ्याशेजारी बसण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

मास्तरांची लेक आईबापांचं कसब घेऊन मिलानमध्येच एका कपड्यांच्या कंपनीत कटिंग करायला लागली होती. एकदा तिचा फोन आला. सान सिरो पाडून तिथे नवं बांधायचं घाटतंय, तेव्हा आहे तोवर येऊन बघून जा, तिकिटांचं मी बघते. त्या दिवशी मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच बेतले, इतका त्यांना आनंद झाला होता.

वहिनी मात्र कारणं सांगू लागल्या. गुडघे दुखतात, दुकान कोण बघणार, विमानात झोप येत नाही. विमानात त्या कधी बसल्याही नव्हत्या. तुम्ही जाऊन या, म्हणाल्या. मास्तरांना कळेना, की हिला झालंय काय. मला थोडं थोडं कळत होतं. काही महिन्यांपासून त्या स्टुलावर बसण्याआधी हातानं माझी कड चाचपायच्या. सुईत दोरा ओवून द्यायला मास्तरांना सांगायच्या आणि हल्ली सुयांची नाकं लहान करतात म्हणून कारखानदाराला बोल लावायच्या. टीव्हीकडे तोंड न करता जरा तिरकं बघायच्या.

एका बसचालकाचा गणवेशाचा कोट तयार झाला. मास्तरांनी तो हँगरला अडकवला आणि बघतच राहिले. बटणांची रांग मध्येच वाकडी गेली होती. ज्या हातानं आयुष्यात एक काज इकडचं तिकडं केलं नाही, त्या हाताचं ते काम होतं. गिऱ्हाईक येण्याआधी त्यांनी गुपचूप बटणं उसवून पुन्हा लावली आणि दिवसभर मूग गिळून बसले. संध्याकाळी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि विचारलं.

वहिनींनी मग काही लपवलं नाही. डोळ्यांत मधोमध डाग पडलाय, म्हणाल्या. कडेचं दिसतं, मधलं जातं. चष्मेवाल्यांनीच मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं आणि वहिनींनी त्यांना गप्प राहायची शपथ घातली होती. आहे ते टिकवू, पण गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुमच्याकडे बघितलं की कान दिसतात," त्या म्हणाल्या. "चेहरा दिसत नाही. एवढ्या लांब येऊन मी काय बघू? गवताच्या कडा?"

मास्तरांनी माझी पाठ घट्ट धरली. मग म्हणाले, "मी सांगेन."

वहिनी हसल्या. वाईट वाटून नव्हे, खरंच हसू आलं म्हणून. "तुम्हाला कधी सांगता आलंय? तुम्ही ऐकणारे."

ते खरं होतं, आणि मास्तरांना झोंबलं. ती आली तरच जायचं, आणि तिला यावंसं वाटायला हवं असेल तर आपल्याला सांगता आलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं. शनिवारी वहिनी डोकं दुखतंय म्हणून वरच राहिल्या. खाली मंडळींनी शाळा भरवली. टीव्हीचा आवाज बंद. वायरमनच्या डोळ्यांवर अस्तराच्या कापडाची पट्टी बांधून त्यांना माझ्यावर बसवलं. मास्तर उभे राहून सामना सांगू लागले.

काय सांगावं तुम्हाला! सात नंबरच्या शर्टाची बाही काखेत धरतेय. गोलकीपरचं कापड चांगलं आहे पण शिलाई नाही. वायरमन ओरडले, की चेंडू कुठे आहे ते सांगा. थांबा, बघतो, असं मास्तर म्हणेपर्यंत तिकडे गोल होऊन माणसं मिठ्या मारत होती. पुढच्या शनिवारी चेंडू सापडू लागला, पण मास्तर उतावीळ. आता गोल होणार, आता होणार, असं म्हणत राहायचे आणि व्हायचा नाही. चष्मेवाल्यांनी त्यांना वहिनींच्या जुन्या नियमाची आठवण करून दिली, जे झालं तेच सांगा.

तिसऱ्या शनिवारी मास्तरांना सूर सापडला. छोटी वाक्यं, नेमकी. मी ऐकत होते आणि मला जुनं मैदान आठवत होतं. पण मधूनमधून ते एकदम थांबायचे. वायरमन पट्टीखालून विचारायचे, पुढे? मास्तर गप्प. काही क्षणांनी पुन्हा सुरू. असं का होतंय हे कुणाच्या लक्षात येईना. शेवटी चष्मेवाले टीव्हीकडे आणि मास्तरांकडे आळीपाळीनं बघत बसले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुम्ही फक्त डावी बाजू सांगताय."

अगदी तसंच होतं. चेंडू पडद्याच्या उजवीकडे गेला की मास्तर बोलायचे थांबत आणि त्यांची मान माझ्या शेजारच्या स्टुलाकडे वळत असे. तिकडचं कुणीतरी सांगेल याची ते वाट बघत. समोर खांब नव्हता, पडदा पुरा मोकळा होता, पण जन्माची सवय कुठे जाते? स्टूल रिकामं होतं. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. 

जिन्यावर पाऊल वाजलं. वहिनी किती वेळ तिथे बसून ऐकत होत्या कोण जाणे. तो मधे मधे पडणारा खंड कशाचा आहे, हे या जगात त्यांच्याइतकं कुणाला कळणार? भिंतीला हात लावत त्या आल्या, वायरमनना म्हणाल्या, उठा, आणि माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी जितक्या हळू उघडता येईल तितक्या हळू उघडले.

"आता खांब माझ्यासमोर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेजारी बसा आणि सांगा. उजवीकडचंही."

मास्तर स्टुलावर बसले. चेंडू उजवीकडेच होता. त्यांनी एकदा घसा खाकरला. "कडेनं आला. एकाला चुकवलं. दुसऱ्यानं अडवलं. पुन्हा घेतला. मारला." मग थोडं थांबून म्हणाले, "बाहेर."

"बरं जमतंय," वहिनी म्हणाल्या. "लेकीला सांगा तिकिटं काढायला."

दोघं मिलानला गेली आणि दुकानाला कुलूप लागलं. धूळ बसली, मशिनं गप्प झाली. शनिवारी बाहेरच्या पायरीवर बोटवाल्यांचा आवाज आला, की दुरून डोंगर साजरे असतात, मास्तरांचा विरस झाला नाही म्हणजे मिळवली. मलाही तीच काळजी होती. आयुष्यभर ज्याची बाजू घेतली ते समोर आल्यावर लहान वाटलं, तर माणसानं पुढे कशावर भांडायचं?

परत आल्यावरच्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर माझ्याकडे यायला निघाले, पण मधेच थांबून त्यांनी वहिनींना पुढे केलं. पाहिल्याशिवाय बोलणार नाही म्हणणाऱ्या वहिनी माझ्यावर बसल्या. 

वहिनींनी आधी आवाजाबद्दल सांगितलं. तो खालून वर चढत गेला आणि छपराला लागून परत अंगावर आला. मग कडा सांगितल्या, कारण कडा आता त्यांना मास्तरांपेक्षा नीट दिसतात. छपराच्या लाल तुळया, वरच्या टोकाला मुंग्यांएवढी माणसं, त्या रिळांवरून गोल गोल उतरणारी गर्दी. मास्तरांनी सामनाभर तोंड मिटलं नाही. पलीकडे बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांचं एक अक्षरही कळत नव्हतं. तो आधी वैतागला, मग त्यानं लेकीला विचारून घेतलं, आणि उत्तरार्धात मास्तर श्वास घ्यायला थांबले की तो त्याच्या भाषेत पुढचं सांगू लागला. लेक तोंड लपवून हसत होती.

"आणि खांब?" वायरमननी विचारलं. नियम तो नियम. चष्मेवाल्यांनी त्यांना कोपरानं ढोसलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

वहिनींनी माझ्या कडेवरून हात फिरवला. "तिथे आत खांब नाही," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे तेच खरं, सगळे बाहेर आहेत. खांब मी इथूनच घेऊन गेले होते." मग शेजारच्या स्टुलाकडे मान वळवून म्हणाल्या, "पण मला पुरा सामना दिसला."

मास्तरांनी चष्मा काढला आणि तो शर्टाच्या टोकानं पुसत बसले. बोटवाल्यांनी चहा सांगितला. वायरमन म्हणाले, ठीक आहे, सान सिरो चांगलंच आहे, पण पिवळ्या भिंतीची गोष्टच वेगळी. आणि पुन्हा सुरू झालं.

आता माझा हिरवा रंग जागोजाग उडालाय. मधली पट्टी थोडी कुरकुरते, म्हणून मास्तर बिजागरीत मशिनचं तेल सोडतात. वहिनींच्या डोळ्यांतला डाग आहे तिथेच आहे. बटणं आता मास्तर लावतात आणि त्या बोटांनी चाचपून चुका काढतात. शनिवारी त्या माझ्यावर बसतात, ते स्टुलावर. खांबामागची खुर्ची म्हणून मला पूर्वी लाज वाटायची. आता वाटत नाही. चांगल्या जागेवरच्या माझ्या बहिणींना सामना दिसला असेल, पण त्यांच्यावर बसलेल्या माणसांना शेजाऱ्याची गरज पडली नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी कुठे तुमच्या शेजारी कुणी मान वाकडी करून बसलेलं दिसलं, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला सरळ बसायला सांगा आणि तिकडचं तुम्ही सांगा. जे झालं तेवढंच सांगा, पुरे होतं.

आता निरोप द्या. टीव्ही लागलाय, मास्तरांनी घसा खाकरलाय, आणि मला ऐकायचंय.